रीत बरोबर होती, मास्तर

मास्तर, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ही सोय गेलेल्यांनीच करून ठेवलेली असावी. तुमचं तेरावं अजून व्हायचं आहे आणि मी हे लिहायला बसले आहे. आपलं भांडण तुम्ही असताना संपायला हवं होतं. तुम्ही ते अर्ध्यावर टाकून गेलात. वर्गात कुणी गणित अर्धवट टाकलं तर तुम्ही त्याला बाकावर उभं करत होतात. आता तुम्हाला कोण उभं करणार?

तुमच्याबद्दल गोड लिहिणारे पुष्कळ निघतील. लोणावळ्याच्या निम्म्या पोस्टमास्तरांना आणि स्टेशनातल्या तारबाबूंना तुम्ही बीजगणित शिकवलंत. ते लिहितील की मास्तर शिस्तीचे होते, निःस्पृह होते, मास्तरांचा खडू कधी चुकला नाही. त्यांनी लिहावं. मी तुमच्यावर रागावलेली आहे आणि हा राग मी जपून वाढवला आहे. तो असाच टाकून देता येत नाही.

मी कोण, हे तुम्ही विसरला नव्हतात. भुशीच्या धरणावरच्या धोंडीबाची मुलगी. धरणाचं पाणी रेल्वेच्या इंजिनांसाठी स्टेशनात जायचं, त्याच्या नळांच्या चाव्या फिरवायचं काम माझे वडील करायचे. मी त्यांना आबा म्हणायची. आम्ही मूळचे उर्श्याचे. भाऊबंदांची शेती तिकडे, आणि आम्ही धरणाजवळच्या रेल्वेच्या खोलीत. मुलीला इंग्रजी शाळेत घालायचं म्हणजे काय, हे आबांनाही नीट ठाऊक नव्हतं. स्टेशनातल्या कुणीतरी सांगितलं की पोरगी हुशार आहे, घाला. त्यांनी घातलं. वर्गात मुलगी मी एकटीच. माझा बाक मुलांपासून लांब, दाराशी. पावसाळ्यात तिथे पाण्याचे शिंतोडे यायचे आणि पाटी आपोआप पुसली जायची.

बहुपदी तुम्ही पहिल्यांदा शिकवलीत तो तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. याचा मला राग येतो, पण आठवतो. फळ्यावर तुम्ही नुसता 'क्ष' काढलात आणि विचारलंत, "क्ष किती?" शेवटी मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "माहीत नाही, सर." तुम्ही हसलात. तुम्ही क्वचितच हसायचात. "बरोबर. आत्ता एवढंच उत्तर आहे." मग क्षच्या डोक्यावर घात मांडलात, पुढे सहगुणक मांडलात, एकामागून एक पदं जोडलीत. दोन क्ष घन, वजा पाच क्ष वर्ग, अधिक चार क्ष, वजा सात. "ही बहुपदी. हिची किंमत किती?" आता आम्ही शहाणे झालो होतो. सगळे ओरडलो, "माहीत नाही!" तुम्ही म्हणालात, "नुसत्या बहुपदीला किंमत विचारायची नसते. आधी क्षची किंमत सांगायची. क्ष तीन असेल तर हिची एक किंमत, चार असेल तर दुसरी. पदं तीच, माणूस बदलला."

मग एकाने तिनाचा वर्ग सहा सांगितला आणि डस्टर हवेतून गेलं. ऋण संख्येचा वर्ग करताना पोरं चिन्हाचा घोटाळा करायची. तुम्ही म्हणायचात, "कंस घातल्याशिवाय वर्गात यायचं नाही." हा विनोद तुम्ही दरवर्षी करत होतात म्हणे. मी आज माझ्या मुलींसमोर करते, आणि त्या हसतात.

तुमची रीत सरळ होती. एकेक पद घ्या, क्षच्या जागी किंमत घाला, घात काढा, सहगुणकाने गुणा, खाली मांडा, शेवटी बेरीज-वजाबाकी. चोपन्न, वजा पंचेचाळीस, अधिक बारा, वजा सात. उत्तर चौदा. वहीवर छान उतरायचं. पण मला शाळेतून भुशीपर्यंत चालत जायचं असायचं आणि चालताना हातात पाटी नसते. मोठाले आकडे डोक्यात मावेनात. सामाईक अवयव बाहेर काढायला तुम्ही आधीच शिकवलं होतं. मी पहिल्या तीन पदांतून क्ष बाहेर काढला, उरलेल्यांतल्या दोन पदांतून पुन्हा काढला, आणि मला दिसलं की घात करायची गरजच नाही. दोनाला तीनने गुणलं, पाच गेले, एक उरला. एकाला तीनने गुणलं, चार मिळवले, सात. साताला तीनने गुणलं, सात गेले, चौदा. मी रस्त्यात थांबले. मागून येणारा बैलगाडीवाला ओरडला तेव्हा भानावर आले. त्या दिवशी मला वाटलं होतं, उद्या मास्तरांना सांगू. मग तुमच्या डस्टरची आठवण झाली आणि वाटलं, परीक्षेत दाखवू.

दाखवलं. वार्षिक परीक्षेत बहुपदीच्या किमती काढायची सगळी गणितं मी माझ्या रीतीने केली. प्रत्येकाला एकच ओळ, आणि खाली उत्तर. तपासलेले पेपर परत द्यायच्या दिवशी तुम्ही माझा पेपर सगळ्यांसमोर उचलून धरलात. "पायऱ्या नाहीत आणि उत्तरं बरोबर. आकाशातून पडली का?"

"सर, मी तोंडी करते."

"तोंडी! कुणाच्या पेपरात तोंड घातलंस ते सांग."

मुलं हसली. मी म्हणाले, माझा बाक दाराशी आहे, तिथून कुणाचाच पेपर दिसत नाही. मी म्हणाले, मला आत्ता फळ्यावर कुठलंही गणित घाला. हे मी स्पष्ट म्हटलं होतं, मास्तर. एक गणित. तुम्हाला फक्त एक गणित घालायचं होतं. खडू तुमच्या हातात होता. तुम्ही तो खाली ठेवलात आणि म्हणालात, "चोराला परीक्षा दोनदा मिळत नाही."

हेडमास्तरांकडे तुमचा शेरा गेला आणि माझं नाव शाळेतून काढलं. दुसऱ्या दिवशी आबा मला घेऊन शाळेत आले. तुम्ही ओट्यावर उभे होतात. आबांनी डोक्याचं पागोटं काढून हातात घेतलं होतं. ते पाहून मला पहिल्यांदा तुमचा खरा राग आला.

"मास्तर, पोरगी चोरी करायची न्हाई. हितंच बसवून येक गणित घाला की तिला. आमाला त्यातलं काय बी कळत न्हाई, पन तुमाला कळतंय न्हवं?"

तुम्ही म्हणालात, "निकाल लागला आहे." आणि आत गेलात.

परत जाताना आबांनी वाटेत एकदाच विचारलं, "खरी हाईस न्हवं तू?"

"व्हय, आबा."

"मग रडू नगंस."

तुमचा शेरा शाळेच्या दप्तरात राहिला, पण बातमी गावोगाव फिरली. पाणीवाल्याची पोरगी चोरून पास होत होती. परंदवडीचं एक स्थळ आलं होतं, ते तेवढ्यावरून माघारी गेलं. त्याबद्दल मी तुमचे आभार मानते, ते घर मला आवडलं नव्हतं. पण आबांनी उर्श्याला जाणं सोडलं. जत्रेलाही गेले नाहीत. भाऊबंद विचारायचे, "पोरीचं काय झालं रं?" आणि खोटं बोलणं त्यांना यायचं नाही. खरं सांगितलं तर कुणी विश्वास ठेवायचं नाही. मी पुण्याला आत्याकडे राहून बाहेरून मॅट्रिकला बसले. निकाल लागला तेव्हा आबा नव्हते. आदल्याच वर्षी हिवतापाने गेले. मुलगी चोर नव्हती असं कुणाच्याही तोंडून न ऐकता गेले. मास्तर, हा हिशोब माझ्या नावाचा नाही. माझं नुकसान मी कधीच भरून काढलं. हा आबांच्या नावाचा आहे, आणि तो कसा फेडायचा ते मला कुणी शिकवलेलं नाही.

मी शिक्षिका होऊन लोणावळ्यात परत आले ती तुमच्यासाठीच. मुलींच्या शाळेत जागा होती हे खरं, पण जागा तळेगावातही होती. मला तुमच्या गावात, तुमच्या डोळ्यांसमोर बीजगणित शिकवायचं होतं. आणि मी आले तर तुमच्या डोळ्यांतच मोतीबिंदू! इतकी वर्षं मनात घोटून ठेवलेलं बोलणं घेऊन आले आणि तुम्ही बाजारात माझ्याजवळून न ओळखता निघून गेलात. मी तशीच उभी राहिले, हातात भाजीची पिशवी घेऊन.

मग दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं त्या साली तुम्ही काठी टेकत स्वतःच माझ्या शाळेत आलात. तुमची लेक कुसुम लग्नानंतर दोन वर्षांतच विधवा होऊन परत आली होती. तिला मॅट्रिक व्हायचं होतं, नोकरी करायची होती. बीजगणितात अडत होती.

"यमुना, तिला शिकवशील?"

"तुम्ही असताना मी?"

"मला आकडे दिसत नाहीत."

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. इतका आनंद मॅट्रिकच्या निकालालाही झाला नव्हता. मी म्हणाले, शिकवीन, पण तुमच्या घरी येऊन शिकवीन, आणि मी शिकवत असेन तोवर तुम्ही समोर बसायचं. तुम्ही मान हलवलीत. त्या वेळी रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून शिकवणी दुपारी उजेडातच असायची. पडवीत कुसुम पाटी घेऊन, मी तिच्याजवळ, आणि तुम्ही भिंतीला टेकून. मी तिला माझी रीत शिकवायची. मुद्दाम मोठ्याने. "आतून बाहेर ये, कुसुम. गुण, मिळव. गुण, मिळव. घात करू नकोस." तुम्ही हं की चूं करायचा नाहीत. फक्त एकदा म्हणालात, "प्रत्येक पद वेगळं मांडलं म्हणजे चूक कुठं झाली ते सापडतं. हिच्या रीतीत एक चूक झाली की पुढचं सगळं नासतं आणि पत्ता लागत नाही."

मी म्हणाले, "चूक केलीच नाही तर?"

तुम्ही म्हणालात, "चुका होतात."

त्यानंतर काही दिवसांनी मी तुम्हाला म्हणाले, "आता घाला मला गणित. त्या दिवशी घातलं नव्हतंत, ते आज घाला." कुसुमने पाटी पुढे केली. तुम्ही ती घेतली नाहीत. डोळे मिटून म्हणालात, "दोन क्षचा चौथा घात. वजा तीन क्ष वर्ग. अधिक पाच क्ष. अधिक एक. क्ष बरोबर ऋण दोन."

मी सुरुवात करणार तोच थांबले. घनाचं पद नव्हतं. त्या जागी शून्य धरलं नाही तर माझी रीत कोसळते. मी शून्य धरलं. दोन, ऋण चार, पाच, ऋण पाच, अकरा. "अकरा," मी म्हणाले.

"उत्तर बरोबर आहे."

"आणि रीत?"

"उत्तर बरोबर आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "घनाचं पद तुम्ही मुद्दाम गाळलंत."

"हो."

"ते गाळल्याने तुमच्या रीतीला काहीच होत नाही. जे पद नाही ते तुम्ही मांडतच नाही. फसतो तो फक्त माझ्या रीतीने जाणारा."

"हो."

"म्हणजे ही रीत तुम्हाला नीट ठाऊक आहे. कधीपासून?"

कुसुमने पाटी मांडीवर पालथी घातली. मग तुम्ही म्हणालात, "तुला चोर म्हटलं त्या दिवसापासून. संध्याकाळी बसून पडताळली. जमते, हे तेव्हाच कळलं."

"मग?"

"शेरा हेडमास्तरांकडे गेला होता."

"मागे घेता येत नव्हता?"

"येत होता."

येत होता, मास्तर! इतकी वर्षं मी समजत होते की तुम्हाला कळलं नाही. न कळणाऱ्या माणसाचा राग करत मी मोठी झाले. आणि तुम्ही तर कळून गप्प बसला होतात. आबा ओट्यापुढे पागोटं हातात घेऊन उभे होते तेव्हाही तुम्हाला ठाऊक होतं. मी विचारलं, का नाही घेतलात मागे? तुम्ही म्हणालात, "आदल्या दिवशी वर्गासमोर तुला चोर म्हटलं होतं. त्याच वर्गासमोर मला रोज उभं राहायचं होतं."

हे उत्तर खरं होतं, एवढं मी मानते. त्यात पळवाट नव्हती. पण खरं बोललात म्हणून मी तुम्हाला सोडणार नव्हते. मी म्हणाले, हेच चारचौघांत सांगा. माझं नाव घेऊन, आबांचं नाव घेऊन. तुम्ही म्हणालात, "शाळेच्या स्नेहसंमेलनात सांगेन." कुसुम साक्षीला होती.

स्नेहसंमेलनात तुम्हाला हार घातला. मी पहिल्या रांगेत बसले होते. आमचे उर्श्याचे भिकाकाका, आबांचे चुलतभाऊ, त्यांना मी मुद्दाम निरोप धाडून बोलावलं होतं. तुम्ही शिस्तीवर बोललात, पाठांतरावर बोललात, आणि शेवटी म्हणालात, "शिक्षकही माणूस असतो. माझ्या हातूनही एखाद्या विद्यार्थ्यावर अन्याय झाला असेल." लोकांनी टाळ्या वाजवल्या. किती मोठं मन, म्हणाले! तुम्ही क्ष ठेवलात, मास्तर. किंमत घातली नाहीत. भिकाकाकांनी मला विचारलं, "झालं का त्येंचं सांगून?"

घरी येताना मी तुम्हाला रस्त्यात गाठलं. तुम्ही म्हणालात, "सांगितलं ना?" मी म्हणाले, "कुणाबद्दल?" तुम्ही काठी आपटलीत आणि म्हणालात, "पुढच्या वेळी नाव घेईन. आता दम लागलाय." खरंच लागला होता. तुमचा हात धरून मी तुम्हाला घरापर्यंत पोचवलं आणि वाटभर तुमच्याशी भांडत राहिले. दारात तुम्ही म्हणालात, "तुझ्यासारखं भांडायला वर्गात कुणी नव्हतं." हे कौतुक होतं की तक्रार, ते विचारायचं राहिलं.

तुमच्या छातीत सर्दी उतरली आणि लोणावळ्याच्या हवेत ती काही हटेना. तुम्ही गेलात ते मला शाळेत कळलं. मी मुलींना पुढचं गणित घातलं, फडताळाच्या खोलीत गेले आणि रडले. माझं मलाच पटेना. तुमच्यासाठी रडायचं मी ठरवलेलं नव्हतं. पण घनाचं पद गाळून मला फसवू पाहणारा माणूस या गावात आता दुसरा कोण आहे? आणखी एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. मी माझ्या मुलींना आधी तुमचीच रीत शिकवते. एकेक पद वेगळं, खाली खाली मांडून. चूक कुठे झाली ते त्यात दिसतं, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. माझी रीत मी नंतर शिकवते. तुम्ही 'रीत बरोबर होती' म्हणाला असतात तर मीही हे सांगितलं असतं. नाही म्हणालात, म्हणून नाही सांगितलं. आता ऐका.

काल तुमच्या शाळेत शोकसभा झाली. कुसुम आणि तिची आई, काकू, बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. मी गप्प बसणार होते, खरंच. पण एक वकील उठले, तुमचे जुने विद्यार्थी, आणि म्हणाले, "मास्तरांनी आयुष्यात कुणावर अन्याय केला नाही." मी उठले. सगळं सांगितलं. पेपर, शेरा, पडताळलेली रीत, सगळं. धरणावरच्या धोंडीबाचं नाव मोठ्याने घेतलं. हेडमास्तर मध्येच म्हणाले, "बाई, ही वेळ नव्हे." वकील म्हणाले, "याला पुरावा काय? मास्तर उत्तर द्यायला नाहीत."

मास्तर, तुम्ही तिथेही मला चोराच्या जागी उभं केलंत.

तेवढ्यात कुसुम उठली. काकूंनी तिचा पदर ओढला, तो तिने सोडवून घेतला. "मी तिथे होते," ती म्हणाली. "बाबा माझ्यासमोर बोलले. बाई सांगताहेत त्यातला शब्द न् शब्द खरा आहे." सभा तशीच मोडली. टाळ्या नाहीत, आभार नाहीत. काकू माझ्याकडे न बघता निघून गेल्या. बाहेर भिकाकाका उभे होते; तुम्ही गेल्याचं ऐकून ते उर्श्याहून आले होते आणि दारातून त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "समद्यांना सांगतो उर्श्यात. धोंडीबाची पोर खरी व्हती, म्हनून सांगतो." मला फार दिवसांनी पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं.

स्टेशनाच्या पुलाशी कुसुमने मला गाठलं. धापा टाकत होती.

"बाई, तुम्ही शिकवायला येत राहाल ना? परीक्षा तोंडावर आली आहे."

"आई येऊ देईल?"

"आईचं मी बघते."

"येईन," मी म्हणाले. "पण तुझ्या वडिलांना माफ केलं म्हणून नाही."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "मीही अजून केलेलं नाही."